कंपनी गेली, मशीन राहिलं



आपल्या ग्रुपवर आजवर खूप आठवणी वाचल्या. ताप्ती लाइनच्या गाडीनं पोटासाठी सुरतेला आलेल्यांच्या, उधन्याच्या चाळींच्या, पहिल्या गणेशोत्सवाच्या. आज मी जरा वेगळा विषय घेतोय. जुने अवाढव्य कॉम्प्युटर आणि ते चालू ठेवणारी माणसं. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आयुष्य डेबिट-क्रेडिटमध्ये गेलं. पण मुंबईत असताना नोकरीची काही वर्षं या मशीनच्या शेजारी बसून काढली. त्या वेळी जे पाहिलं आणि पुढं जे वाचलं, ते आपल्या मुलानातवंडांना माहीत असावं असं वाटतं, म्हणून लिहितो. लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्या सुरतेपासूनच करू, म्हणजे समजायला सोपं जाईल. ज्यांच्या घरी कोणी विणकामात आहे, त्यांनी जुन्या लूमवर डोक्याशी बसवलेलं जेकार्ड पाहिलं असेल. भोकं पाडलेले जाड पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले असतात, माळेसारखे फिरत राहतात. भोक असेल तिथं सुई आत जाते, तो धागा उचलला जातो. नसेल तिथं धागा खालीच राहतो. साडीच्या काठाची सगळी वेलबुट्टी त्या भोकांत लिहिलेली असते. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या गृहस्थानं १८०४-०५ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. आता सचिन जीआयडीसीत इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आली, पण नाव तेच राहिलं.

हीच भोकांची युक्ती अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं १८९० च्या जनगणनेला वापरली. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, त्यावर वय, जन्मस्थान, धंदा यांची भोकं. त्याची कंपनी पुढं दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. आमच्या लहानपणी 'कॉम्प्युटर' म्हणजे आयबीएम असंच समीकरण होतं, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा.

आता मुख्य मशीन. आयबीएम १४०१. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते जाहीर झालं आणि जगभरात अशी दहा हजारांहून जास्त मशीनं बसली. आकार विचाराल तर तीन-चार गोदरेज कपाटं शेजारी ठेवावीत तसा. एक मुख्य कपाट, एक कार्ड वाचणारं आणि भोकं पाडणारं यंत्र, एक प्रिंटर, आणि पैसे असतील तर टेपची कपाटं. कार्ड वाचायचा वेग मिनिटाला ८००. प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा, एका ओळीत १३२ अक्षरं. आणि स्मरणशक्ती? साध्या मॉडेलला १,४०० अक्षरं, पुढच्याला ४,०००, वाढवून वाढवून १६,०००. हो, अक्षरं. आज तुम्ही हे वाचताय ती पोस्टसुद्धा त्यात धड मावणार नाही. एवढ्या स्मरणशक्तीवर रेल्वेचे पगार निघायचे, हे नव्या पिढीला सांगितलं तर खोटं वाटतं.

ती स्मृती कशाची होती तेही सांगतो, कारण आपल्या जरीकामवाल्या मंडळींना ते लगेच कळेल. फेराइट नावाच्या पदार्थाच्या मोहरीएवढ्या कड्या असत. त्यांतून केसासारख्या बारीक तारा उभ्या-आडव्या ओवलेल्या. एका अक्षराला आठ कड्या, म्हणजे ४,००० अक्षरांना ३२,००० कड्या. एक तार तुटली की जाळीचा तेवढा भाग मुका.

भारतात पहिलं १४०१ मुंबईत एस्सो या तेल कंपनीत १९६१ साली आलं. नंतर सरकारी खाती, मोठे कारखाने, विमा आणि झोनल रेल्वेंची मुख्यालयं यांच्याकडं ती बसली. आपली पश्चिम रेल्वे त्यात आलीच. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा सुरत-उधन्याला रेल्वेत होते, त्यांच्या पगाराची स्लिप चर्चगेटच्या अशाच एखाद्या मशीननं छापली असण्याची शक्यता चांगली आहे.

इथं एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. यातली पुष्कळ मशीनं नवी नव्हतीच. परदेशात वापरून झालेली, तिथं जुनी ठरलेली १४०१ मशीनं आयबीएम भारतात आणायची, मुंबईच्या आपल्या कारखान्यात खोलायची, साफ करायची, झिजलेले भाग बदलायची, तपासायची आणि इथल्या ग्राहकांना भाड्यानं द्यायची. आज जुने कॉम्प्युटर पुन्हा उभे करणं हा परदेशात हौसेचा विषय आहे. आपल्याकडं १९६० च्या दशकात मुंबईत तो रोजचा धंदा होता, आणि त्या बाकांवर काम करणारे हात इथलेच होते. संसदेच्या लोकलेखा समितीनं पुढं या व्यवहारावर कडक टीका केली. जुनाट यंत्रं आणून त्यांचं भाडं मात्र भरपूर घेतात, असा तिचा रोख होता. एक बँकवाला म्हणून मला ती टीका पटते. घसारा पूर्ण वसूल झालेल्या मालावर भाडं चालू ठेवणं यापेक्षा गोड उत्पन्न दुसरं नाही. पण त्याच बाकांवर आपली माणसं घडली, हेही तितकंच खरं. त्याची किंमत पुढं कळली.

आमच्या बँकिंगची गोष्ट थोडी निराळी. कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जाणार ही भीती होती आणि ती उगाच नव्हती. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारात यंत्रांवर मर्यादा घातल्या गेल्या. मुख्य कार्यालयात शाखा-शाखांमधल्या नोंदी जुळवायला कार्डांची यंत्रं चालायची, तेवढ्यावरच भागवायचं. शाखेत मात्र जाड लेजर आणि शाईचं पेन. शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन दिसायला १९८० चं दशक उजाडावं लागलं, रंगराजन समितीचा अहवाल आल्यावर. मी ज्या विभागात होतो तिथं पंचिंग आणि सॉर्टिंगची यंत्रं होती. दुसऱ्या एका मोठ्या कार्यालयाच्या मशीन रूममध्ये १४०१ होतं, तिथं मला काही महिने प्रशिक्षणासाठी धाडलं होतं. पुढंही कामानिमित्त जाणं-येणं राहिलं. बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर घालून बसलेली माणसं, हे दृश्य मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

भाड्याच्या पद्धतीत एक सोय होती. देखभाल कंपनीची. मशीन बंद पडलं की फोन करायचा. टाय लावलेला इंजिनिअर चामडी बॅग घेऊन हजर. लागेल तो भाग कंपनीच्या साठ्यातून यायचा. तो कुठून आला, केवढ्याला आला, याचा विचार ग्राहकानं कधी केलाच नाही.

मग १९७३ चा फेरा कायदा आला. परदेशी कंपनीनं इथल्या व्यवसायातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असं सरकार म्हणू लागलं. आयबीएमला संपूर्ण मालकी हवी होती. बरीच वर्षं बोलणी चालली. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि त्याच वर्षाअखेर कंपनीनं निघायचं ठरवलं. कोका-कोला गेल्याचं सगळ्यांना आठवतं, कारण ते जिभेला कळलं. आयबीएम १ जून १९७८ पासून गेली. ते फक्त मशीन रूममधल्या लोकांना कळलं.

आता विचार करा. देशभर शेकडो मशीनं. पगार, विम्याचे हप्ते, मालाचा हिशेब, सगळं त्यांच्यावर. बनवणारा देश सोडून गेला. १४०१ तर अमेरिकेतही १९७१ लाच विक्रीतून काढून टाकलेलं. म्हणजे नवे सुटे भाग तिकडंही बनत नव्हते. आणि मागवायचं म्हटलं तर परकीय चलन, आयात परवाना, कस्टम. एका पट्ट्यासाठी सहा महिने. पगार मात्र एक तारखेलाच हवा.

सरकारनं एक शहाणपणा आधीच केला होता. १९७५ च्या अखेरीस कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, स्थापन झाली होती. आयबीएमच्या मशीनची देखभाल तिच्याकडं आली. आयबीएममधले बरेच इंजिनिअर तिकडं गेले. काही जुन्या सहकाऱ्यांनी मिळून इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट नावाची कंपनी काढली. म्हणजे पाटी बदलली, पण हात तेच राहिले.

सीएमसीच्या सुरुवातीच्या काळात अध्यक्षपदावर होते प्रा. आर. नरसिंहन. हे नाव लक्षात ठेवा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा टीफ्रॅक कॉम्प्युटर उभा राहिला, ते हेच. टीफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर होते. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच लोखंडी सांगाडा. त्यावर काम करणाऱ्या बहुतेक तरुणांनी आधी कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता. ज्यांनी एकेक सर्किट स्वतः जोडलं, त्यांना बिघाड कुठं हे शोधायला कोणाच्या फोनची गरज नसते. अशी नजर असलेला माणूस देखभालीच्या कंपनीच्या डोक्यावर असणं ही मोठी गोष्ट होती.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते मी थोडं पाहिलं. १४०१ च्या पोटात बिस्किटाच्या लांबट पुड्याएवढी छोटी कार्डं असत, अडीच इंच बाय साडेचार इंच. प्रत्येकावर थोडे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि खाली सोळा दात, सोन्याचा मुलामा दिलेले. एका मशीनमध्ये अशी कार्डं दोन हजारांच्या वर. कंपनी असताना बिघडलेलं कार्ड काढायचं, नवं बसवायचं, संपलं. कंपनी गेल्यावर कार्ड फेकायची चैन परवडेना. मग त्याच कार्डावरचा नेमका मेलेला ट्रान्झिस्टर शोधायचा आणि तेवढाच बदलायचा. तोही जर्मेनियमचा. जग तोवर सिलिकॉनवर गेलं होतं आणि दोघांचा स्वभाव वेगळा, सरसकट एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

भाग मिळवायच्या वाटा साधारण चार होत्या. पहिली, कंपनीनं मागं ठेवलेला साठा. तो रेशनच्या साखरेसारखा जपून. दुसरी, कायमचं बंद केलेलं एखादं मशीन. त्याचे अवयव काढून बाकीची जगवायची. तिसरी वाट लॅमिंग्टन रोडची. तिथल्या चिंचोळ्या दुकानांत बरण्यांमध्ये ट्रान्झिस्टर भरून ठेवलेले असायचे, पन्नास घेतले तर त्यातून तपासून पाच उपयोगाचे निघायचे. आणि चौथी, इथंच बनवून घेणं. कार्ड ओढणारे रबरी रोलर झिजले की मूळ धातूचा गाभा ठेवून वर नवं रबर चढवून आणायचे. प्रिंटरच्या रिबिनीला पुन्हा शाई पाजायची. एक वयस्कर इंजिनिअर होते, त्यांच्या खिशात कायम एक खोडरबर असायचा. कार्डाच्या दातांवर चढलेला थर ते हलक्या हातानं पुसायचे आणि पुन्हा बसवायचे. निम्मे आजार तेवढ्यानं जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला त्याचं हसू यायचं, पण मशीन चालू व्हायचं.

पावसाळा हा सगळ्यांत मोठा शत्रू. हवेतल्या दमटपणानं कागदी कार्डं फुगायची आणि वाचणाऱ्या यंत्रात अडकून त्यांचा चुरा व्हायचा. एकदा महिनाअखेरीला प्रिंटरची साखळी गेली. या प्रिंटरमध्ये अक्षरं एका फिरत्या साखळीवर असतात आणि मागून छोटे हातोडे कागदावर बरोबर वेळेला ठोका मारतात. वेळ किंचित चुकली तरी अक्षर अर्धं. दोन रात्री त्या लोकांनी साखळी उघडून कडी-कडी बसवली. ज्या घरांत दुसऱ्या दिवशी पगार गेला, त्यांना यातलं काही कळलं नाही. चांगल्या देखभालीचं असंच असतं, काही घडलंच नाही असं वाटतं.

पण खरा दुर्मिळ भाग वेगळाच होता. प्रत्येक मशीनबरोबर सर्किटच्या नकाशांचे जाडजूड खंड यायचे. कोणती तार कुठून निघते, कुठं जाते, सगळं त्यात. एका मशीनमध्ये मागाहून झालेले बदल त्याच्याच खंडात पेनानं टिपलेले. ट्रान्झिस्टर बाजारात शोधता येतो, तो खंड हरवला की सगळं आंधळं. म्हणून इंजिनिअर मंडळी ते खंड देवघरातल्या पोथीसारखे जपत.

या दुरुस्तीतून पुढं काय निघालं, ते बघा. जी संस्था दुसऱ्यांची जुनी मशीनं जगवायला जन्मली, तिनंच १९८५-८६ मध्ये दिल्लीला रेल्वे आरक्षणाची कॉम्प्युटर यंत्रणा उभी केली. आपण सगळे मे महिन्यात गावाला जायला पहाटेपासून खिडकीवर रांग लावायचो आणि कारकून जाड रजिस्टरात नावं लिहायचा, ते कायमचं संपलं. मोडलेलं उघडून बघितल्याशिवाय नवं बनवायची धिटाई येत नाही, असं मला वाटतं. पुढं २००१ मध्ये सीएमसी टाटांकडं गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली.

आणि ती मशीनं? १९८० च्या दशकात छोटी, वेगवान, स्वस्त यंत्रं आली. जुनी एकामागून एक बंद झाली. आता जरा हिशेबाचं बोलतो, तो माझा प्रांत. मालमत्तेवर दर वर्षी घसारा लावतो. शेवटी पुस्तकात किंमत उरते एक रुपया, म्हणजे वस्तू आहे एवढी नोंद राहावी म्हणून. मी पाहिलेलं मशीन असंच एक रुपयाला होतं. टेंडर निघालं, वजनावर गेलं. भंगारवाल्याला रस तांब्यात आणि दातांवरच्या सोन्यात. नकाशांचे खंड रद्दीत गेले, तेही किलोवरच. कोणाचा दोष म्हणून सांगत नाही. जागेचं भाडं, एसीचं बिल, ऑडिटची शंका, सगळं पाहून कोणीही तेच केलं असतं. पण पुस्तकात त्या मशीनची नोंद तरी होती. ते चालू ठेवणाऱ्यांचं ज्ञान कोणत्याच खात्यात कधी लिहिलं गेलं नाही, म्हणून ते गेल्याची खतावणीही झाली नाही.

तेच मशीन दुसरीकडं कसं जपलंय ते वाचून मी चकित झालो. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. तिथं रॉबर्ट गार्नर यांच्या पुढाकारानं २००४ च्या सुमारास निवृत्त आयबीएम इंजिनिअर जमले आणि जर्मनीतून आणलेलं एक १४०१ पुन्हा चालू करायला लागले. पहिली अडचण विजेची. जर्मनीत आपल्यासारखी ५० हर्ट्झची वीज, अमेरिकेत ६०. मग वीज बदलून देणारं यंत्र लावावं लागलं. नंतर कार्डामागून कार्ड तपासणं, खराब ट्रान्झिस्टर बदलणं, पंचिंग मशीन दुरुस्त करणं. कित्येक वर्षं लागली. पुढं कनेक्टिकटमधून दुसरं १४०१ मिळालं. आज तिथं लोकांसमोर ते कार्ड वाचतं, छापतं. सगळं काम स्वयंसेवकांचं, आणि त्यातले बरेच जण माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे.

आइसलँडची गोष्ट तर आणखी हृद्य. तिथल्या १४०१ वर देखभालीचं काम करणाऱ्या एका इंजिनिअरनं मशीनच्या विद्युतलहरी रेडिओवर पकडून त्यातून सूर काढले आणि टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवले. १९७१ मध्ये मशीनला निरोप दिला तेव्हा ते वाजवले. त्यांचा मुलगा योहान योहानसन मोठा संगीतकार झाला. २००६ मध्ये त्यानं वडिलांच्या त्या टेपवरून एक पूर्ण संगीतरचना केली, नाव 'आयबीएम १४०१, अ यूजर्स मॅन्युअल'. बापानं जपलेली एक टेप, बाकी काही नाही.

आता माझं म्हणणं. आपल्याकडं असं मशीन पुन्हा उभं करायला भाग नाहीत, जागा नाही, पैसा नाही, हे मला कळतं. पण जे घरोघरी आहे ते तरी जाऊ देऊ नका. मुंबई, पुणे, बडोदा, सुरत इथल्या कितीतरी मराठी घरांतले आजोबा-आजी रेल्वेत, विम्यात, गिरणीच्या ऑफिसात या मशीनवर होते. पंच ऑपरेटर म्हणून तर आपल्या कितीतरी मुली लागल्या, त्यांच्या पगारावर घरं उभी राहिली. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी मॅन्युअल, फ्लोचार्ट काढायची प्लास्टिकची पट्टी, किराणा यादी लिहायला वापरलेली कोरी कार्डं, मशीन रूममधला एखादा ग्रुप फोटो सापडेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, मागं साल आणि ऑफिस लिहून ठेवा. कागद ओलीपासून दूर ठेवा, आपल्याकडची हवा कॅलिफोर्नियासारखी कोरडी नाही.

आणि माणसं असतील तर आधी माणसं. त्या काळी पंचविशीत असलेले आज पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. त्यांच्याजवळ बसा, मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा आणि साधे प्रश्न विचारा. पार्ट मिळाला नाही तेव्हा काय केलंत? कुणाकडून शिकलात? रात्रपाळीला कोण कोण असायचं? तांत्रिक शब्द कळले नाहीत तरी चालेल, पुढं कोणीतरी समजून घेईल. तो खोडरबरवाला उपाय कोणत्याही मॅन्युअलमध्ये छापलेला नव्हता.

ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी खाली जरूर लिहा. सचिन-उधन्यात कोणी असेल तर मी स्वतः येऊन बोलणं लिहून घेईन. अक्षर अजून लेजरमधल्यासारखंच आहे, वाचता येतं.